प्रश्न कोणाचा, बोलतो कोण?

वक्तृत्व आणि वादविवाद स्पर्धांना परीक्षक म्हणून बसण्याचा योग आम्हांला पुष्कळदा आला आहे. धर्मग्रामाच्या सणाचे दिवस, चर्चच्या पटांगणातील मांडव, समोर पालकांची दाटी आणि फळ्यावर लिहिलेला विषय. विषय बहुधा ठरलेले असतात: 'विज्ञान शाप की वरदान', 'शिक्षण मोफत असावे काय', 'गरिबीला जबाबदार कोण'. चिठ्ठी उचलून जी बाजू वाट्याला येईल ती मांडायची, पाच मिनिटे संपली की घंटा वाजायची. मग ढाल कोणाकडे जाणार याची उत्सुकता, टाळ्या, छायाचित्र; आणि दुसऱ्या दिवशी विषय विसरला जायचा.

अशाच एका स्पर्धेत 'मोफत शिक्षणाला किंमत राहत नाही' ही बाजू एका मुलीने इतक्या चतुराईने मांडली की पहिले पारितोषिक तिलाच देणे भाग पडले. समारंभ आटोपल्यावर मांडवातल्या खुर्च्या उचलणारा एक मुलगा आमच्यापाशी आला. वय तिच्याएवढेच असावे. नववीत शाळा सुटल्याचे त्याने सांगितले आणि संकोचाने विचारले, "सर, ह्या स्पर्धेत शाळेत न जाणाऱ्याला नाव देता येतं का?" नियमानुसार येत नव्हते. तसे आम्ही त्याला सांगितले आणि घरी आलो.

तो प्रश्न मात्र आमच्याबरोबर घरी आला. शिक्षण आणि गरिबी यांविषयी तरुणांनी वाद घालावा, ही गोष्ट चांगलीच. पण अशा वादातून प्रत्यक्षात काही निष्पन्न होते काय? आणि ज्याचा प्रश्न आहे त्याला बोलायला जागा कोठे असते? या दोन शंकांचा मागोवा घेताना ब्रिटनच्या गेल्या सुमारे दीडशे वर्षांच्या सामाजिक इतिहासाने आम्हांला बरेच काही शिकवले. त्यातील काही पाने वाचकांपुढे ठेवीत आहोत.

ऑक्सफर्डमधून व्हाइटचॅपलकडे

वादविवादाची परंपरा ब्रिटिश विद्यापीठांत जुनी आहे. केंब्रिजची युनियन १८१५ साली, तर ऑक्सफर्डची १८२३ साली स्थापन झाली. तेथे गाजलेला वक्ता पुढे संसदेत जायचा, असा जणू रिवाजच होता. परंतु बोलणारे सारे सुखवस्तू घरांतले. लंडनच्या पूर्व भागातील अंधाऱ्या गल्ल्यांत एकेका खोलीत अख्खे कुटुंब कसे राहते, हे त्यांतील फार थोड्यांनी पाहिले असेल.

या स्थितीला पहिला धक्का दिला तो आर्नल्ड टॉइन्बी या तरुण प्राध्यापकाने. ऑक्सफर्डमध्ये अर्थशास्त्राचा इतिहास शिकवणाऱ्या या माणसाने १८८३ च्या जानेवारीत लंडनमध्ये श्रमिकांपुढे व्याख्याने दिली. त्यांत त्याने आपल्या वर्गाच्या वतीने जाहीर क्षमायाचना केली. तुमच्या वाट्याचा न्याय आम्ही तुम्हांला दिला नाही आणि त्याच्या जागी दानधर्म पुढे केला, अशा आशयाची ती कबुली होती. त्यानंतर तो आजारी पडला आणि त्याच वर्षी मार्चमध्ये, वयाच्या अवघ्या तिसाव्या वर्षी, मरण पावला.

त्याचे मित्र सॅम्युअल बार्नेट हे व्हाइटचॅपलमधील सेंट ज्यूड या अँग्लिकन चर्चचे धर्मगुरू. पत्नी हेन्रिएटा यांच्यासह ते १८७३ पासून त्या वस्तीत राहत होते. नोव्हेंबर १८८३ मध्ये ऑक्सफर्डच्या सेंट जॉन्स कॉलेजात त्यांनी एक निबंध वाचला. त्यांची सूचना साधी होती: गरिबांविषयी विद्यापीठात बसून बोलण्यापेक्षा पदवीधर तरुणांनी काही वर्षे गरिबांच्या शेजारी घर करावे. महिनाभर आधीच लंडनच्या झोपडवस्तीविषयीची एक पुस्तिका प्रसिद्ध होऊन खळबळ माजली होती, त्यामुळे शब्द सुपीक जमिनीत पडला. १८८४ च्या नाताळच्या आदल्या रात्री पहिले दोन तरुण व्हाइटचॅपलच्या त्या नव्या वास्तूत झोपावयास आले. दिवंगत मित्राच्या स्मरणार्थ तिला 'टॉइन्बी हॉल' हे नाव देण्यात आले.

येथे राहणारे तरुण आपला खर्च आपणच भागवीत. कोणी दिवसा नोकरी करून संध्याकाळी वर्ग घेई, तर कोणी स्थानिक शाळांचा कारभार पाही. आणि दर आठवड्याला येथे वादसभा भरे. धूम्रपानास मुभा असल्यामुळे तिला 'स्मोकिंग डिबेट' म्हणत. ऑक्सफर्डच्या सभागृहात जो विषय कल्पनेने मांडला जाई, तोच येथे गोदीतल्या मजुरासमोर मांडावा लागे. तो मजूर उठून उभा राहून 'साहेब, हे असे नाही' म्हणू शके. या एका सोयीने वादाची जातच बदलली, असे आम्हांला वाटते.

या घराचे दोषही झाकण्याचे कारण नाही. सुरुवातीला तेथे स्त्रियांना निवास नव्हता. त्यांना १८८७ मध्ये सदर्क येथे स्वतंत्र संस्था उभारावी लागली. शिवाय चित्रप्रदर्शने व व्याख्याने यांनी भुकेल्याचे पोट कसे भरणार, असा टोला अनेकजण मारीत. तो अगदीच अनाठायी नव्हता.

गोदीच्या फाटकाशी

परीक्षेची घडी १८८९ साली आली. लंडनच्या गोदीत बहुसंख्य मजूर रोजंदारीवर असत. सकाळी फाटकाशी गर्दी करावी, मुकादमाने बोट दाखवील त्याला काम मिळावे, बाकीच्यांनी रिकाम्या हाती परतावे, असा क्रम होता. काम मिळालेच तर तेही तास-दोन तासांचे. मुंबईच्या जुन्या गोदीच्या कहाण्या ज्यांनी घरच्या वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या आहेत त्यांना हे चित्र परके वाटणार नाही. १४ ऑगस्ट १८८९ रोजी संप सुरू झाला. तासाला ६ पेन्स मजुरी मिळावी आणि एकदा बोलावल्यावर निदान चार तासांचे काम मिळावे, या मुख्य मागण्या होत्या.

संपकऱ्यांत आयरिश कॅथलिक मोठ्या संख्येने होते. वेस्टमिन्स्टरचे आर्चबिशप कार्डिनल हेन्री मॅनिंग त्या वेळी ८१ वर्षांचे होते. तरुणपणी हेच मॅनिंग ऑक्सफर्ड युनियनचे गाजलेले वक्ते होते. आता ते मालकांच्या कचेऱ्यांत आणि संपकऱ्यांच्या बैठकांत खेटे घालू लागले. पॉप्लरमधील एका कॅथलिक शाळेत संपाच्या पुढाऱ्यांशी त्यांनी तासन् तास बोलणी केली आणि सप्टेंबरच्या मध्यास तडजोड घडून आली. ६ पेन्सचा दर मान्य झाला. सुमारे पावणेदोन वर्षांनी, १५ मे १८९१ रोजी, पोप लिओ तेरावे यांचे 'रेरूम नोव्हारूम' हे परिपत्रक निघाले. श्रमिकांना रास्त वेतनाचा व संघटनेचा हक्क आहे असे त्यात ठामपणे सांगितले गेले. त्या हक्काची बाजू मॅनिंग आधीपासूनच मांडीत आले होते.

संपाच्या धामधुमीत दोन तरुण टिपणे घेत होते. ह्यूबर्ट लूएलिन स्मिथ आणि व्हॉन नॅश हे दोघेही टॉइन्बी हॉलच्या परिवारातले. संप मिटल्यावर त्यांनी त्याचा इतिहास लिहिला. लूएलिन स्मिथचे वय तेव्हा पंचवीस होते. हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे. अठरा वर्षांनी, १९०७ मध्ये, हाच तरुण ब्रिटनच्या व्यापार खात्याचा सर्वोच्च सनदी अधिकारी झाला.

घरच्यांचा विरोध

विसाव्या शतकाच्या आरंभी ऑक्सफर्डच्या बेलिअल कॉलेजचे प्रमुख होते एडवर्ड केअर्ड. निरोप घ्यायला आलेल्या विद्यार्थ्यांना ते एक काम सांगत असत: एवढ्या संपन्न देशात एवढे दारिद्र्य का आणि ते दूर कसे करता येईल, याचा शोध पूर्व लंडनमध्ये जाऊन घ्या. हा उपदेश मनावर घेणाऱ्यांत दोन मित्र होते. एक विल्यम बेव्हरिज, जन्म १८७९ सालचा, बंगालमधील रंगपूरचा. वडील इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधले न्यायाधीश आणि आई 'बाबरनामा'ची अनुवादक. दुसरा रिचर्ड टॉनी, जन्म १८८० चा, कलकत्त्याचा. त्याचे वडील संस्कृतचे पंडित व 'कथासरित्सागरा'चे इंग्रजी भाषांतरकार. १९०३ साली दोघेही टॉइन्बी हॉलमध्ये दाखल झाले. पुढे बेव्हरिजची बहीण टॉनीला दिली गेली आणि मैत्रीचे नाते सोयरिकीत बदलले.

बेव्हरिजच्या घरी मात्र वादळ उठले. हुशार मुलाने वकिली सोडून झोपडवस्तीत जाऊन बसावे, हे वडिलांना मानवेना. पत्रांतून बापलेकांचा वाद रंगला. आपण गरिबांना संस्कृतीचे धडे द्यायला किंवा अन्न वाटायला जात नसून समाजाचे हे यंत्र कोठे बिघडले आहे ते समजून घ्यायला जात आहोत, हा मुलाच्या उत्तराचा गाभा होता. आपल्या घरांतून आजही असे वाद होतात. मुलगी समाजकार्याचे शिक्षण घेऊ म्हणते तेव्हा आईबापांच्या पोटात गोळा येतो. बेव्हरिजच्या वडिलांची चिंता खोटी नव्हती आणि मुलाचा हट्टही पोरकट नव्हता, एवढेच आम्ही म्हणू.

गोदीच्या फाटकाशी ताटकळणारे मजूर बेव्हरिजने अनेकदा पाहिले. बेकारी आळसामुळे येते, ही समजूत त्या काळी सर्वत्र होती. तो माणूस पहाटे फाटकाशी हजर असतो, पण कामाची वाटणीच अशी आहे की रोज काहीजण उपाशी राहणारच, हे बेव्हरिजने १९०९ च्या आपल्या ग्रंथात साधार दाखवून दिले. तोवर तो व्यापार खात्यात लूएलिन स्मिथच्या हाताखाली काम करू लागला होता. खात्याचे मंत्री विन्स्टन चर्चिल हेही तेव्हा जेमतेम पस्तिशीचे. या मंडळींच्या प्रयत्नांतून १ फेब्रुवारी १९१० रोजी देशभर सरकारी रोजगार केंद्रे उघडली आणि १९११ च्या राष्ट्रीय विमा कायद्याने काही उद्योगांतील सुमारे साडेबावीस लाख कामगारांना बेकारीच्या काळात आठवड्याला ७ शिलिंग मिळू लागले. १८८९ साली फाटकाशी घेतलेल्या टिपणांना कायद्याचे रूप यायला बावीस वर्षे लागली.

टॉनी शिक्षणाकडे वळला. श्रमिकांच्या शिक्षणासाठी १९०३ मध्ये स्थापन झालेल्या संघटनेच्या वतीने जानेवारी १९०८ पासून तो लाँगटन येथे कुंभारकामगारांना आणि रॉचडेल येथे गिरणीकामगारांना शिकवू लागला. तीन वर्षांचा अभ्यासक्रम, एक तास व्याख्यान आणि तेवढाच वेळ चर्चा, अशी पद्धत होती. चर्चेच्या तासाला विणकर आपल्या कारखान्याचा अनुभव घेऊन उभा राही आणि शिक्षकाला पुस्तक मिटावे लागे. या विद्यार्थ्यांनीच आपल्याला शिकवले, ही भावना टॉनीने आयुष्यभर जपली. माध्यमिक शिक्षण काही निवडक मुलांपुरते न राहता सर्वांना मिळावे, ही मागणी मजूर पक्षाच्या वतीने १९२२ मध्ये मांडणारी पुस्तिका त्यानेच सिद्ध केली.

याच सुमारास आपल्याकडे नामदार गोखले इंग्लंडच्या १८७० व १८७६ च्या शिक्षणकायद्यांचा आधार घेऊन सक्तीच्या प्राथमिक शिक्षणासाठी झटत होते. १९११ साली त्यांनी विधेयक मांडले आणि १९१२ मध्ये ते ३८ विरुद्ध १३ मतांनी फेटाळले गेले. जे सरकार मायदेशी बालकांना शाळेत पाठवण्याची सक्ती करीत होते, तेच येथे ती नाकारीत होते.

तिसरा तरुण क्लेमंट अ‍ॅटली. वकिलाचा मुलगा, स्वतःही वकील. १९०५ च्या ऑक्टोबरात तो भावाबरोबर स्टेपनीतील मुलांचा एक क्लब पाहायला गेला आणि तेथलाच झाला. पुढे काही काळ तो टॉइन्बी हॉलचा चिटणीसही होता. त्याच्याविषयी एक आठवण सांगितली जाते. रस्त्यात भेटलेल्या एका चिमुरडीने त्याला कोठे निघालात म्हणून विचारले. चहा घ्यायला घरी चाललो, असे त्याने सांगितले. तेव्हा आपणही घरीच चाललो आहोत, चहा आहे का ते पाहायला, असे ती सहजपणे म्हणाली. दारिद्र्याचे याहून नेमके वर्णन कोणत्या वादसभेत ऐकायला मिळाले असते?

ज्यांच्याविषयी चर्चा, त्यांचा आवाज

आतापर्यंतची कहाणी सुशिक्षितांची झाली. ते वस्तीत गेले, त्यांनी पाहिले, ऐकले; तरी लेखणी त्यांच्याच हाती राहिली. याला आव्हान दिले ते ऑक्सफर्डमध्येच. कामगारांसाठी १८९९ साली तेथे रस्किन कॉलेज निघाले होते. खाणकामगार, रेल्वेकामगार तेथे येऊन शिकत. मार्च १९०९ मध्ये या विद्यार्थ्यांनी संप पुकारून वर्गांवर बहिष्कार घातला. त्यांचे आवडते प्राचार्य डेनिस हर्ड यांना काढण्यात आले, हे निमित्त. मूळ वाद अधिक खोल होता. कामगारांनी काय शिकावे हे विद्यापीठाने ठरवायचे की कामगारांनी? विद्यापीठाचे कुलपती त्या वेळी लॉर्ड कर्झन होते. त्यांचा कारभार आपल्या आजोबा-पणजोबांनी अनुभवला होता. संपकरी विद्यार्थ्यांना टॉनीसारख्यांचे सद्भावही पुरेसे वाटेनात. दात्याने चांगल्या मनाने दिले तरी देणारा वर आणि घेणारा खाली राहतो, ही त्यांची तक्रार होती. त्यांनी सेंट्रल लेबर कॉलेज ही स्वतःची वेगळी संस्था काढली आणि तिचा भार कामगार संघटनांनी उचलला.

या संस्थेत १९१९ साली वेल्समधील ट्रेडेगार गावचा एक खाणकामगार दाखल झाला. तेराव्या वर्षी कोळशाच्या खाणीत उतरलेला, बोलताना अडखळणारा अन्यूरिन बेव्हन. शाळेने त्याला फारसे काही दिले नव्हते. कामगारांच्या वर्गणीतून चालणाऱ्या गावच्या वाचनालयाने मात्र भरभरून दिले. शिक्षण संपवून परतल्यावर त्याने मित्रांसह 'क्वेरी क्लब' नावाचे मंडळ काढले. काम काय, तर प्रश्न विचारणे. गावचा कारभार असा का, पाणी तिकडे का आणि इकडे का नाही, खाणमालकाचा शब्द शेवटचा का? अडखळणाऱ्या जिभेने बेव्हन या मंडळींत बोलत राहिला आणि पुढे संसदेतील श्रेष्ठ वक्त्यांत गणला गेला.

ट्रेडेगारमध्ये आणखी एक संस्था होती. खाणकामगार आपल्या मजुरीतून दर आठवड्याला थोडे पेन्स देत आणि त्या निधीतून सर्व कुटुंबांसाठी डॉक्टर, दाया व दवाखाना यांची सोय होई. बेव्हन या मंडळाच्या कामात होता. त्याचे वडील खाणीतील धुळीने जडलेल्या फुप्फुसाच्या विकाराने १९२५ साली त्याच्याच कुशीत वारले. पुढे आरोग्यमंत्री झाल्यावर ५ जुलै १९४८ रोजी त्याने संपूर्ण देशासाठी मोफत राष्ट्रीय आरोग्यसेवा सुरू केली, तिच्या मुळाशी त्याने गावात पाहिलेली ही व्यवस्था होती.

कॅथलिक अभ्यासमंडळे

या घुसळणीत इंग्लंडमधील ख्रिस्तसभा मागे नव्हती. चार्ल्स प्लेटर या तरुण येशूसंघीयाला एक गोष्ट खटकत असे. 'रेरूम नोव्हारूम' प्रसिद्ध होऊन दीड तप उलटत आले, तरी गिरणीतल्या कॅथलिक कामगाराला त्यात काय आहे हे ठाऊक नाही. १९०९ साली त्याच्या पुढाकाराने 'कॅथलिक सोशल गिल्ड' स्थापन झाली. तिचे साधन होते धर्मग्रामातील अभ्यासमंडळ. मोजक्या प्रापंचिकांनी आठवड्यातून एकदा जमावे. वेतन, घरे, कामगार संघटना अशा विषयांवर छोटी पुस्तिका वाचावी आणि प्रत्येकाने बोलावे. प्लेटर जानेवारी १९२१ मध्ये माल्टा येथे, वयाच्या ४५ व्या वर्षी वारला. त्याच वर्षी त्याच्या स्वप्नातील कॅथलिक वर्कर्स कॉलेज ऑक्सफर्डमध्ये सुरू झाले. १९६५ पासून प्लेटर कॉलेज म्हणून ओळखली जाणारी ही संस्था २००५ साली बंद पडली. परंतु आठ दशके तिने खाण, गिरणी व कचेरी यांतून आलेल्या माणसांना उच्च शिक्षणाचे दार उघडून दिले.

बेल्जियमचे फादर जोसेफ कार्डाइन १९११ साली इंग्लंडला आले होते. गोदीच्या संपाचे पुढारी बेन टिलेट यांना ते भेटले आणि कामगार संघटना कशा चालतात याचा त्यांनी अभ्यास केला. त्यांनी पुढे स्थापन केलेली तरुण ख्रिस्ती कामगारांची चळवळ, अर्थात वाय. सी. डब्ल्यू., १९३७ साली इंग्लंडमधील विगन भागात पोचली. 'पाहा, पारखा, कृती करा' ही तिची त्रिसूत्री. चौदाव्या वर्षी सूतगिरणीत कामाला लागलेला पॅट्रिक कीगन हा या चळवळीच्या इंग्लंडमधील पहिल्या कार्यकर्त्यांपैकी एक. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ऑक्टोबर १९६४ मध्ये प्रापंचिकांच्या प्रेषितकार्याची चर्चा चालू असताना भाषण करण्याचा मान ज्या प्रापंचिकाला मिळाला, तो हाच कीगन. गिरणीतल्या मुलाला बोलण्याची जागा मिळाली तर तो कोठवर जाऊ शकतो, याचे हे उदाहरण.

छावणीतील संसद

दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धुमश्चक्रीत, डिसेंबर १९४२ च्या आरंभी, बेव्हरिजचा सुप्रसिद्ध अहवाल बाहेर पडला. दैन्य, रोग, अज्ञान, गलिच्छता आणि बेकारी या पाच राक्षसांशी लढण्याचा तो आराखडा. सरकारी अहवालाच्या सहा लाखांहून अधिक प्रती खपाव्यात, ही नवलाची गोष्ट होती. सैन्यात तेव्हा साप्ताहिक चर्चावर्ग चालत. त्यांच्यासाठी या अहवालाचा सारांश छापला गेला आणि दोन दिवसांत परत मागवण्यात आला. सैनिकांनी यावर बोलू नये असे वरिष्ठांना वाटले. साहजिकच ते अधिक बोलू लागले.

इजिप्तमध्ये कैरो येथे तर तरुण सैनिकांनी अभिरूप संसदच भरवली. घरे, शिक्षण, उद्योगांची मालकी या विषयांवर विधेयके मांडली जाऊ लागली. फेब्रुवारी १९४४ मध्ये तेथे लुटुपुटीची निवडणूक झाली, तीत मजूर पक्षाला सर्वाधिक आणि हुजूर पक्षाला सर्वांत कमी जागा मिळाल्या. लष्करी अधिकाऱ्यांनी ही संसद लवकरच गुंडाळायला लावली. पण जुलै १९४५ मध्ये खऱ्या निवडणुकीचा निकाल लागला तेव्हा मजूर पक्षाने ३९३ जागा जिंकल्या होत्या आणि पंतप्रधानपदी बसला होता स्टेपनीचा तो जुना कार्यकर्ता, अ‍ॅटली. भारताला स्वातंत्र्य देणारे हेच सरकार.

शाळांचा प्रश्न

सर्वांना मोफत माध्यमिक शिक्षण देणारा कायदा १९४४ साली झाला. शाळा सोडण्याचे किमान वय १ एप्रिल १९४७ पासून १५ झाले. ते अमलात आणण्याचा आग्रह धरणारी शिक्षणमंत्री एलन विल्किन्सन मँचेस्टरच्या एका कामगार घरातून शिष्यवृत्तीच्या बळावर विद्यापीठात पोचली होती. कायदा अमलात येण्यापूर्वी दोन महिने तिचे निधन झाले.

कॅथलिक समाजाला मात्र हा कायदा निर्भेळ आनंद देणारा नव्हता. शाळांचे धार्मिक स्वरूप व व्यवस्थापन आपल्याकडे ठेवायचे तर इमारतींच्या खर्चाचा निम्मा भार आपणच उचलायचा, अशी अट होती. बहुतांश कॅथलिक कुटुंबे मजुरी करणारी. बिशपांनी निषेध नोंदवला, धर्मग्रामांनी वर्षानुवर्षे पैसा-पैसा जमवला. सरकारचा वाटा वाढत वाढत १९५९ मध्ये ७५, १९६७ मध्ये ८० आणि १९७५ मध्ये ८५ टक्क्यांवर गेला. दरम्यान त्या शाळांतून आयरिश मजुरांची नातवंडे विद्यापीठांत पोचली.

कल्याणकारी राज्याविषयीही कॅथलिक तरुणांत दुमत होते. हिलेर बेलॉक यांनी १९१२ मध्येच इशारा दिला होता की, सुरक्षिततेच्या बदल्यात कामगार आपले स्वातंत्र्य गमावून बसेल. जे काम कुटुंब किंवा गाव करू शकते ते वरच्या सत्तेने हिरावून घेऊ नये, हे तत्त्व पोप पायस अकरावे यांनी १९३१ साली मांडले होते. त्याचा आधार घेऊन काहीजण सरकारी योजनांकडे साशंकतेने पाहत. भुकेल्या कुटुंबाला स्वातंत्र्याचा उपयोग काय, असे दुसरे विचारीत. हा वाद मिटला नाही आणि तो मिटू नये असे आम्हांला वाटते. ट्रेडेगारच्या कामगारांनी स्वबळावर उभारलेली आरोग्यसेवा राष्ट्राने उचलली तेव्हा कोट्यवधींना औषध मिळाले, हे खरे. आणि ती सेवा 'आमची' होती ती 'सरकारची' झाली, हेही खरे.

अलीकडचे वारे

पुढच्या पिढ्यांचे वाद निराळे झाले. अकराव्या वर्षीच्या एका परीक्षेवर मुलांची विभागणी होई. जेमतेम पाचव्या ते चौथ्या हिश्श्याच्या मुलांना उच्च दर्जाच्या शाळा मिळत. त्याविरुद्ध आवाज उठून १९६५ नंतर सर्वसमावेशक शाळांचा मार्ग खुला झाला. १९६२ च्या कायद्याने विद्यापीठीन शिक्षणाचा भार सरकारने उचलला होता; १९९८ मध्ये वर्षाला १००० पौंड शुल्क आले, २००४ च्या कायद्याने त्याची मर्यादा ३००० वर गेली आणि डिसेंबर २०१० मध्ये इंग्लंडसाठी ती ९००० करण्याचे संसदेने ठरवले. त्याआधी महिनाभर हजारो विद्यार्थी लंडनच्या रस्त्यांवर उतरले होते. त्याच सुमारास सोळा ते अठरा वयाच्या गरीब विद्यार्थ्यांना मिळणारा आठवड्याला ३० पौंडांपर्यंतचा भत्ता इंग्लंडमध्ये रद्द करण्याचे जाहीर झाले. स्वतः मोफत शिकलेल्या पिढीने मागून येणाऱ्यांसाठी दार लोटून घेतले, ही तरुणांची तक्रार होती. संसदेत ते हरले.

त्याआधी वर्षभर, ३० ऑक्टोबर २००९ रोजी, एक अपूर्व घटना घडली होती. ११ ते १८ वयोगटातील मुलांच्या युवा संसदेचे सभासद खुद्द हाउस ऑफ कॉमन्सच्या बाकांवर बसले. तोपर्यंत खासदारांखेरीज कोणालाही तेथे बसून चर्चा करू दिली गेली नव्हती. विद्यापीठाचे शुल्क, प्रवासभाडे, नोकऱ्या आणि सोळाव्या वर्षी मताधिकार हे त्यांचे विषय. स्कॉटलंडने २०१४ च्या सार्वमतात सोळा वर्षांच्यांना मत दिले आणि वेल्सने २०२० मध्ये आपल्या विधिमंडळासाठी तसाच कायदा केला.

आणि जून २०२० मध्ये, करोनाच्या दिवसांत, मार्कस रॅशफर्ड या २२ वर्षांच्या फुटबॉलपटूने खासदारांना एक अनावृत पत्र लिहिले. लहानपणी तो शाळेतल्या मोफत जेवणावर वाढला होता. आईला पुरेसे अन्न आणणे कसे जड जाई हे त्याने सांगितले. उन्हाळी सुट्टीत गरीब मुलांच्या जेवणाची सोय बंद ठेवण्याचा निर्णय सरकारने दुसऱ्याच दिवशी बदलला. इंग्लंडमधील सुमारे १३ लाख मुलांचा तो प्रश्न होता. रॅशफर्ड कोणत्याही युनियनचा वक्ता नव्हता. भूक त्याला माहीत होती आणि लोक त्याचे ऐकत होते.

आपल्या अंगणात

टॉइन्बी हॉलची एक शाखा आडवाटेने आपल्यापर्यंतही आली आहे. १८८८ मध्ये ते घर पाहून गेलेल्या जेन अ‍ॅडम्स यांनी पुढच्या वर्षी शिकागोत 'हल हाउस' सुरू केले. शिकागोत शिकलेले क्लिफर्ड मॅन्शार्ट अमेरिकन मराठी मिशनच्या वतीने मुंबईत आले आणि १९२७ मध्ये त्यांनी नागपाड्याच्या कामगारवस्तीत 'नेबरहुड हाउस' उघडले. त्यांच्याच पुढाकाराने १९३६ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय सुरू झाले. आजची टाटा सामाजिक विज्ञान संस्था ती हीच. १९५५ मध्ये कॅथलिक भगिनींनी सुरू केलेले निर्मला निकेतनही याच मार्गावरचे. तेथून शिकून आलेल्या मुली आपल्या कितीतरी धर्मग्रामांत काम करीत आहेत.

हा सारा इतिहास चाळून झाल्यावर पहिल्या शंकेचे उत्तर आम्हांला मिळाले. तरुणांच्या वादातून कायदे घडतात, पण त्यांना बावीस वर्षे लागतात, कधी चाळीस. आणि त्यासाठी बोलणाऱ्याला चिठ्ठीत निघालेली बाजू पुरत नाही. फाटकाशी उभे राहून टिपणे घ्यावी लागतात. दुसऱ्या शंकेचे उत्तर रस्किनच्या संपकऱ्यांनी आणि क्वेरी क्लबच्या पोरांनी दिले.

यंदाच्या सणाला स्पर्धेच्या समितीपुढे आम्ही दोन सूचना ठेवणार आहोत. 'शिक्षण मोफत असावे काय' या विषयावर बोलू इच्छिणाऱ्या प्रत्येक मुलाने आधी महिनाभर परिसरातल्या वीटभट्टीवर किंवा चाळीत जाऊन शाळा सुटलेल्या निदान पाच मुलांशी बोलावे आणि त्यांची कारणे लिहून आणावी, ही पहिली. प्रवेशपत्रिकेवरचा 'शाळेचे नाव' हा रकाना सक्तीचा नसावा, ही दुसरी. दुसऱ्या सूचनेला विरोध होईल असा अंदाज आहे. शिस्त बिघडेल, वेळ पुरणार नाही, असे सांगितले जाईल. खुर्च्या उचलणाऱ्या त्या मुलाला आम्ही त्या वेळी नाव विचारले नव्हते. तो सध्या कोठे आहे, याची चौकशी मात्र सुरू केली आहे.